ताळा वाचकाच्या हाती : गणित आणि भौतिकशास्त्र सर्वांना समजावून सांगताना

प्रश्न असा आहे : गणित किंवा भौतिकशास्त्राचे शिक्षण झालेल्या, पण सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिण्याची सवय नसलेल्या माणसाने हे विषय समजावून सांगायला घेतले, तर समीकरणे ठेवावीत की गाळावीत, उपमा-दृष्टांतांवर किती भिस्त ठेवावी आणि विषय सोपा करण्याच्या नादात तो चुकीचा होणार नाही याची काळजी कशी घ्यावी? विचारणाऱ्याची अडचण अशी की समीकरणे ठेवली तर वाचक दुसऱ्या परिच्छेदातच थांबतात. ती गाळली तर ‘छान समजले’ म्हणतात खरे, पण काय समजले असे विचारले की एखाद्या चमकदार वाक्यापलीकडे त्यांच्याकडे काही उरलेले नसते.

मी गेली अनेक वर्षे याच प्रकारचे लेखन आणि व्याख्याने करत आलो आहे, आणि ही अडचण खरी आहे असे मला वाटते. फक्त ‘किती सोपे करावे’ या अंगाने तिच्याकडे पाहिले की ती सुटत नाही. वाचकाला विज्ञानाचा निष्कर्ष सांगणे सोपे असते. चंद्र सतत पृथ्वीकडे पडत असतो, हे एका वाक्यात सांगून होते. पण हा निष्कर्ष वाचक केवळ आपल्यावर विश्वास ठेवून स्वीकारतो, आणि विश्वासावर स्वीकारलेले विधान खरे की खोटे हे ठरवण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नसते. गणित आणि भौतिकशास्त्र यांचे वैशिष्ट्यच असे आहे की त्यांत कोणाच्याही शब्दावर विसंबून राहावे लागत नाही, प्रत्येकाला ताळा करून पाहता येतो. म्हणून मी प्रत्येक लेखात निदान एक युक्तिवाद असा ठेवतो, की जो वाचकाला पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत स्वतः चढता येईल आणि वर पोहोचल्यावर आकडा जुळला की नाही हे स्वतःच पाहता येईल. बाकीचा लेख त्या एका युक्तिवादाच्या सोयीने रचावा. त्यासाठी दहा मनोरंजक गोष्टी गाळाव्या लागल्या तरी त्या खुशाल गाळाव्यात.

चंद्राचेच उदाहरण पूर्ण करून दाखवतो, कारण हा मुद्दा नुसता सांगून पटण्यासारखा नाही. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर अंतरावर आहे आणि ताऱ्यांच्या संदर्भात मोजले तर तो २७.३ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. त्याची कक्षा वर्तुळ आहे असे धरले, तर त्या वर्तुळाचा परीघ सुमारे २४,१५,००० किलोमीटर भरतो आणि एका फेरीचे सेकंद होतात सुमारे २३,६०,०००. भागाकार केला की चंद्र दर सेकंदाला साधारण १.०२३ किलोमीटर पुढे सरकतो असे निघते. आता अशी कल्पना करावी की एका सेकंदापुरते पृथ्वीचे आकर्षण नाहीसे झाले. चंद्र सरळ रेषेत १.०२३ किलोमीटर जाईल आणि पृथ्वीच्या केंद्रापासून किंचित दूर होईल. किती दूर, हे काढायला शाळेतले पायथागोरसचे प्रमेय पुरते : काटकोन त्रिकोणाची एक बाजू म्हणजे मूळचे अंतर, दुसरी बाजू म्हणजे सेकंदात कापलेले अंतर आणि कर्ण म्हणजे नवे अंतर. कर्ण मूळ अंतरापेक्षा इतका थोडा मोठा आहे की त्या वाढीचा वर्ग बिनदिक्कत सोडून देता येतो, आणि मग उरते ते एवढेच : वाढ म्हणजे सेकंदात कापलेल्या अंतराच्या वर्गाला मूळ अंतराच्या दुपटीने भागून येणारी संख्या. १.०२३ चा वर्ग सुमारे १.०४७, आणि मूळ अंतराची दुप्पट ७,६८,८०० किलोमीटर. भागाकार येतो एका किलोमीटरच्या दशलक्षांश भागाच्या १.३६ पट, म्हणजेच १.३६ मिलिमीटर.

प्रत्यक्षात चंद्र दूर जात नाही, तो वर्तुळावरच राहतो. याचाच अर्थ दर सेकंदाला तो सरळ रेषेपासून १.३६ मिलिमीटर पृथ्वीकडे पडतो. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ हातातून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर, म्हणजे ४,९०० मिलिमीटर पडते. ४,९०० ला १.३६ ने भागले तर उत्तर ३,६०० च्या अगदी जवळ येते. आणि पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर असल्यामुळे चंद्राचे अंतर त्या त्रिज्येच्या सुमारे साठपट आहे. साठ गुणिले साठ, तीन हजार सहाशे. अंतर साठपट झाले आणि पडणे साठाच्या वर्गपटीने कमी झाले, म्हणजे गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हे वाचकाने कोणाच्याही सांगण्यावरून मान्य केलेले नाही. त्याने ते स्वतः काढले आहे. न्यूटनने हाच ताळा करून पाहिला होता, आणि गुरुत्वाकर्षणाचा नियम त्याने १६८७ मध्ये प्रसिद्ध केला.

या उदाहरणात समीकरण आहे की नाही? आहे, फक्त ते वाक्यात मांडलेले आहे आणि त्यातील प्रत्येक राशीला चेहरा आहे. वाचक समीकरणाला घाबरतो असे सरसकट म्हणतात, पण माझ्या पाहण्यात वाचक घाबरतो तो ओळख करून न दिलेल्या चिन्हांना. एका ओळीत चार अक्षरे आली आणि त्यातली तीन कशासाठी आहेत हे आठवेनासे झाले, की गाडी अडते. आणि एकदा अडलेली गाडी पुढच्या परिच्छेदात आपोआप सुरू होत नाही. स्टीफन हॉकिंग यांना १९८८ च्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाच्या वेळी प्रत्येक समीकरणागणिक खप निम्मा होईल असा इशारा मिळाला होता आणि त्यांनी वस्तुमान व ऊर्जा यांचे एकच समीकरण ठेवले, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. तिचा अर्थ मात्र ‘समीकरणे टाळा’ असा लावला जातो, तो मला घातक वाटतो. समीकरण हे दोन राशींमधील नात्याचे सर्वांत थोडक्यात केलेले वर्णन असते. ते काढून टाकायचे असेल तर ते नाते दुसऱ्या कोणत्यातरी रूपात वाचकाच्या हाती ठेवलेच पाहिजे. बहुतेक वेळा प्रमाणाची भाषा पुरेशी पडते : वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, म्हणून तेवढ्याच जोराने ब्रेक दाबल्यास थांबायला लागणारे अंतरही चौपट होते. या वाक्यात एकही चिन्ह नाही, तरी वेग तिप्पट झाला तर काय होईल हे वाचक न विचारता सांगू शकतो. हे सांगता येणे हीच समजल्याची खूण.

चंद्राच्या गणितात मी दोन ठिकाणी गोष्टी गाळल्या आहेत, आणि सोपे करणे व चुकीचे सांगणे यांतील सीमारेषा नेमकी तिथेच आहे. एक म्हणजे, अंतर मी पृथ्वीच्या केंद्रापासून मोजले. पण आपल्या पायाखालची जमीन तर अगदी जवळ आहे आणि पृथ्वीची दुसरी बाजू हजारो किलोमीटर दूर. मग पृथ्वीचे सगळे वस्तुमान केंद्रात एकवटले आहे असे धरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? हा आक्षेप रास्त आहे. गोलाकार वस्तूच्या बाबतीत असे धरता येते हे न्यूटनने स्वतंत्रपणे सिद्ध केले आणि ती सिद्धता सोपी नाही. दुसरे असे की साठचा आकडा मी गोळाबेरीज घेतला आहे. नेमका आकडा ६०.३ आहे, त्याचा वर्ग ३,६४० च्या आसपास येतो आणि सुमारे एक टक्क्याचा फरक उरतो. चंद्रही पृथ्वीला ओढत असतो आणि त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे एक्याऐंशीव्या भागाइतके आहे, हे त्या फरकाचे मुख्य कारण. या दोन्ही गोष्टी लेखात विस्ताराने सांगण्याची गरज नसते, पण ‘येथे एक पायरी गाळली आहे, ती अशी’ एवढे एक वाक्य लिहायलाच हवे. गाळलेल्या पायरीची नोंद केली की सोपे केलेले स्पष्टीकरण खरे राहते. नोंद न करता पायरी गाळली, तर हुशार वाचक नेमका तिथेच अडखळतो आणि आपल्यालाच समजत नाही असे मानून पुस्तक मिटतो. माझ्या मते लोकप्रिय विज्ञानलेखनाने वाचकांचे केलेले सर्वांत मोठे नुकसान हेच आहे, की लेखकाने झाकलेली फट वाचकाला स्वतःची मंदबुद्धी वाटू लागते.

आता उपमांविषयी. गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश आणि काळ यांची वक्रता असे सांगणारा आइन्स्टाइनचा सामान्य सापेक्षता सिद्धान्त समजावताना ताणलेल्या रबरी पडद्याचा दृष्टांत जवळजवळ हटकून येतो : मध्ये जड गोळा ठेवला की पडदा खोलगट होतो आणि शेजारून सोडलेली गोटी त्या खोलगटाकडे वळते, तसाच सूर्याभोवतीचा अवकाश वक्र होतो. पाहायला हे सुरेख आहे. पण गोटी खोलगटाकडे का घरंगळते, असा प्रश्न वाचकाने विचारला तर उत्तर काय देणार? खालून पृथ्वी तिला ओढते म्हणून. म्हणजे गुरुत्वाकर्षण समजावण्यासाठी गुरुत्वाकर्षणच वापरले गेले. याहून मोठा दोष असा की हा दृष्टांत फक्त अवकाशाची वक्रता दाखवतो, आणि रोजच्या अनुभवातील संथ हालचालींच्या बाबतीत, म्हणजे झाडावरून पडणाऱ्या फळाच्या बाबतीत, जवळजवळ सगळा परिणाम काळाच्या वेगवेगळ्या गतीमुळे घडतो. तो पडद्यावर कुठेच दिसत नाही.

म्हणून मी या विषयाला घड्याळांकडून सुरुवात करतो. दिशादर्शन करणारे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथे गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे त्यांवरील घड्याळे जमिनीवरील घड्याळांच्या तुलनेत दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात; त्यांच्या वेगामुळे ती दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात; आणि दोन्ही मिळून दिवसाला ३८ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. एवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरांहून अधिक अंतर जातो, आणि उपग्रहाचे अंतर त्याचा संदेश आपल्यापर्यंत पोहोचायला लागलेल्या वेळेवरूनच काढले जात असल्यामुळे ही दुरुस्ती करावीच लागते. रबरी पडदा पाहून वाचकाला मौज वाटते, पण पडताळण्यासारखे काही हाती लागत नाही. घड्याळांच्या बाबतीत त्याच्याजवळ आकडे असतात, त्यांची बेरीज-वजाबाकी असते, आणि ती दुरुस्ती करणारे यंत्र बहुतेकांच्या खिशातच असते.

उपमा वर्ज्य कराव्यात असे माझे म्हणणे नाही. एका उपमेने एकच नाते दाखवावे, ते नाते कोणते हे सांगावे आणि ती कोणत्या ठिकाणी तुटते हेही त्याच परिच्छेदात सांगून टाकावे. मात्र त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : या विषयात असे एखादे साधे उदाहरण आहे का, की जे दुरून साम्य दाखवणारे नसून त्याच नियमाचे प्रत्यक्ष, पण लहान रूप आहे? असे उदाहरण सापडले तर उपमेची गरजच उरत नाही.

हायझेनबर्गच्या अनिश्चितता तत्त्वाच्या बाबतीत असे उदाहरण आहे, आणि तरीही ते फार कमी वेळा वापरले जाते याची मला खंत वाटते. रूढ स्पष्टीकरण असे की इलेक्ट्रॉन पाहायचा तर त्याच्यावर प्रकाश टाकावा लागतो, प्रकाशाचा धक्का बसून तो हलतो, म्हणून स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) दोन्ही एकाच वेळी नेमके कळत नाहीत. १९२७ मध्ये स्वतः हायझेनबर्गने सूक्ष्मदर्शकाच्या काल्पनिक प्रयोगातून याच धर्तीची मांडणी केली होती, त्यामुळे हे स्पष्टीकरण कोणी खोडसाळपणे प्रचारात आणलेले नाही. पण त्यातून वाचकाचा समज असा होतो की इलेक्ट्रॉनला नेमके स्थान आणि नेमका संवेग असतोच, आपली मोजण्याची साधने तेवढी धसमुसळी आहेत. प्रत्यक्षात हे बंधन मोजणीपूर्वीच, तरंगाच्या स्वभावातच असते, आणि ते ध्वनीच्या उदाहरणाने पूर्णपणे दाखवता येते. सेकंदाला ४४० कंपनांचा एक स्वर आणि ४४१ कंपनांचा दुसरा स्वर घेऊ. पूर्ण एक सेकंद दोन्ही वाजत राहिले तर दुसऱ्याचे एक कंपन जास्त होते आणि दोघांतील फरक स्पष्टपणे मोजता येतो. पण दोन्ही स्वर सेकंदाच्या दहाव्या भागापुरतेच वाजले तर पहिल्याची ४४ कंपने होतात आणि दुसऱ्याची ४४.१, म्हणजे संपूर्ण ध्वनीत एका कंपनाच्या दहाव्या भागाचा फरक. सेकंदाच्या शंभराव्या भागापुरता ध्वनी घेतला तर ४.४ आणि ४.४१. इतक्या तोकड्या ध्वनीची वारंवारता ४४० की ४४१, हा प्रश्नच निरर्थक होतो. तोकडा ध्वनी म्हणजे अनेक वारंवारतांचे मिश्रण असते; तो जितका तोकडा तितका मिश्रणाचा पसारा मोठा, आणि वारंवारता जितकी नेमकी हवी तितका तो ध्वनी लांबवावा लागतो. येथे कोणीही कोणाला धक्का दिलेला नाही.

येथून पुढे भौतिकशास्त्राची एकच गोष्ट मानावी लागते, आणि ती मानायला सांगताना लेखकाने आडपडदा ठेवू नये : लुई द ब्रॉय्ली याने १९२४ मध्ये मांडल्याप्रमाणे द्रव्याच्या कणांनाही तरंगलांबी असते आणि संवेग तिच्या व्यस्त प्रमाणात असतो. ही गोष्ट युक्तिवादाने सिद्ध होत नाही, ती प्रयोगांनी दाखवलेली आहे. ती मान्य केली की उरलेले आपोआप येते. लहानशा जागेत सामावलेला इलेक्ट्रॉन म्हणजे तोकडा तरंग, तोकडा तरंग म्हणजे अनेक तरंगलांबींचे मिश्रण, आणि अनेक तरंगलांबी म्हणजे संवेगाचा पसारा. कोणता भाग तर्काने आला आणि कोणता प्रयोगाने, हे असे वेगळे करून दाखवले की वाचकाला विषयाचा सांगाडा दिसतो.

काही स्पष्टीकरणे इतकी गुळगुळीत असतात की ती चुकीची आहेत अशी शंकाही येत नाही. विमानाच्या पंखाची वरची बाजू फुगीर असते, वरून जाणाऱ्या हवेला जास्त अंतर कापावे लागते, मागच्या टोकाशी खालच्या हवेला गाठायचे म्हणून ती वेगाने जाते आणि वेग वाढल्यामुळे दाब कमी होतो : हे स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे. पण वरच्या आणि खालच्या हवेने एकाच वेळी टोकाशी पोहोचावे असा कोणताही नियम नाही, आणि प्रत्यक्षात वरची हवा आधी पोहोचते. सपाट पंखांचे कागदी विमान तरंगते आणि कसरतीची विमाने उलटी होऊनही उडतात, एवढ्यावरूनच संशय यायला हवा होता. अशी स्पष्टीकरणे ओळखण्यासाठी माझी कसोटी साधी आहे. स्पष्टीकरणातील ‘म्हणून’ हा शब्द जिथे जिथे येतो तिथे थांबून विचारावे, की हे खरोखर आधीच्या वाक्यावरून निघते का? पंखाच्या गोष्टीत ‘गाठायचे म्हणून’ या ठिकाणी काहीच निघत नाही.

गणिताची अडचण थोडी निराळी असते. तिथे वाचक बहुधा युक्तिवादात अडत नाही, तो व्याख्येत अडतो, आणि लेखकाला ते कळतच नाही. शून्य दशांश चिन्हानंतर नऊ, नऊ, नऊ असे अखंड चालू राहणारी संख्या एकाएवढीच असते, या विधानावरून होणारे वाद पाहावेत. नेहमीचा युक्तिवाद असा : एक तृतीयांश म्हणजे दशांश चिन्हानंतर अखंड तीन, त्याची तिप्पट म्हणजे अखंड नऊ आणि एक तृतीयांशाची तिप्पट म्हणजे एक. हा युक्तिवाद बरोबर आहे, पण ज्याला शंका आहे त्याची पहिल्याच पायरीवर शंका असते. अखंड तीन म्हणजे खरोखर एक तृतीयांश, की त्याहून थोडे कमी, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून आधी हे सांगावे की ‘अखंड नऊ’ या लिखाणाचा अर्थ आपणच ठरवलेला आहे. ०.९, ०.९९, ०.९९९ या क्रमाने जात राहिले असता ज्या संख्येच्या हवे तितके जवळ जाता येते आणि जवळच राहता येते, त्या संख्येचे ते नाव आहे. आता एकापासूनचे अंतर क्रमाने एक दशांश, एक शतांश, एक सहस्रांश असे घटत जाते. कोणीही कितीही लहान, पण शून्याहून मोठे अंतर सांगावे, पुरेसे नऊ लिहिले की ते मागे पडते. तेव्हा ती संख्या एक असणार, दुसरी असूच शकत नाही. ‘पण तिथपर्यंत पोहोचतो का?’ हा वाचकाचा आवडता प्रश्न इथे गळून पडतो, कारण पोहोचण्याची अट व्याख्येत कुठेच नाही.

याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे एक, दोन, तीन, चार अशी सगळ्या संख्यांची बेरीज वजा एक द्वादशांश येते, असा गाजावाजा करणारे सादरीकरण. नेहमीच्या अर्थाने ही बेरीज कोणत्याही मर्यादेशिवाय वाढत जाते, आणि वजा एक द्वादशांश हे उत्तर बेरजेचा अर्थ एका विशिष्ट, सुसंगत पद्धतीने विस्तारल्यावरच मिळते. रामानुजन यांनी १९१३ मध्ये इंग्लिश गणिती हार्डी यांना लिहिलेल्या पत्रात हे उत्तर सांगितले, तेव्हा ‘माझ्या सिद्धान्तानुसार’ ही पुस्ती स्वतः जोडली, आणि हे ऐकून तुम्ही मला लगेच वेड्यांच्या इस्पितळाची वाट दाखवाल असेही हार्डींना लिहिले. ज्यांच्या प्रतिभेविषयी शंका नाही त्यांनी जी पुस्ती आवश्यक मानली, ती आपण प्रेक्षकांना चकित करण्यासाठी गाळू नये. चकित झालेला प्रेक्षक घरी जाताना एवढेच शिकून जातो की गणितात काहीही सिद्ध करता येते, आणि ही शिकवण गणिताच्या मुळावर येणारी आहे.

संभाव्यतेच्या बाबतीत एक उपाय इतका गुणकारी आहे की तो स्वतंत्रपणे सांगतो : टक्केवारी सोडून माणसे मोजावीत. समजा, एखादा आजार हजारात एकाला असतो, त्याची चाचणी आजारी माणसाला कधीच चुकवत नाही, पण निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून आजारी ठरवते. चाचणीत आजार दिसला तर तो खरोखर असण्याची शक्यता किती? टक्केवारीत विचार करणारे अनेक जण ९५ टक्के म्हणतात. आता १०,००० माणसे घ्यावीत. त्यांत आजारी १०, ते सगळे सापडतात. निरोगी ९,९९०, त्यांतले सुमारे ५०० चुकून सापडतात. म्हणजे सापडलेल्या ५१० माणसांत खरे आजारी दहाच, जेमतेम २ टक्के. सूत्र सांगितले असते तर हीच गोष्ट दोन पाने खाऊन गेली असती.

मोठ्या संख्यांविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. दशलक्ष आणि अब्ज हे दोन्ही शब्द वाचकाच्या मनात ‘खूप’ या एकाच खान्यात पडतात. दशलक्ष सेकंद म्हणजे साडेअकरा दिवस आणि अब्ज सेकंद म्हणजे जवळजवळ बत्तीस वर्षे, असे एकदा सांगितले की दोघांतील दरी कायमची लक्षात राहते.

इतिहासाचा वापर मात्र सढळ हाताने करावा, पण तो यशाची मिरवणूक म्हणून नव्हे. युरेनस ग्रह गणिताने ठरलेल्या मार्गावरून ढळतो असे दिसल्यावर फ्रेंच गणिती लव्हेरिए याने त्यापलीकडे एक अज्ञात ग्रह असावा असे गणित मांडले, आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत त्याने सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. येथे गोष्ट संपवली तर ती प्रेरणादायी होते. पण पुढे त्याच लव्हेरिएने बुधाच्या कक्षेतील विसंगतीसाठी तीच युक्ती वापरून सूर्याजवळ आणखी एक ग्रह असावा असे सांगितले. त्या कल्पित ग्रहाला नावही मिळाले, अनेकांनी तो पाहिल्याचे सांगितले, आणि तो ग्रह नव्हताच. शतकाला सुमारे ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) एवढी ती विसंगती १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षता सिद्धान्ताने दूर केली. म्हणजे तिथे ग्रह कमी नव्हता, न्यूटनचा नियमच अपुरा होता. एकच युक्तिवाद, एकच माणूस, एकदा यश आणि एकदा अपयश. ही गोष्ट पूर्ण वाचलेल्या माणसाला आजच्या कृष्णद्रव्याच्या, म्हणजे न दिसणाऱ्या, केवळ गुरुत्वाकर्षणाच्या परिणामावरून असावे असे मानलेल्या द्रव्याच्या चर्चेत नेमके काय पणाला लागले आहे हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही : दीर्घिकांच्या गतींत विसंगती आहे आणि तिचे पुरावे भक्कम आहेत, पण तिच्यामागील कण अजून कोणीही ओळखलेला नाही.

यातूनच खात्रीच्या पातळ्यांचा विषय येतो. ऊर्जेची अक्षय्यता, २०१२ मध्ये प्रयोगात सापडलेला हिग्ज कण, कृष्णद्रव्याच्या कणांविषयीचे तर्क आणि अनेक विश्वांची कल्पना या चार गोष्टी एकाच सुरात सांगणे हा वाचकाचा विश्वासघात आहे, मग प्रत्येक वाक्य सुटे वाचल्यावर निर्दोष का असेना. शंभरदा तपासलेले काय, एकदा दिसलेले काय आणि अजून केवळ गणितात असलेले काय, हे क्रियापदावरूनच कळले पाहिजे. ‘असते’, ‘आढळले आहे’, ‘असावे असा तर्क आहे’ अशा साध्या क्रियापदांनी हे काम होते. त्यासाठी तळटीपा लागत नाहीत.

शेवटी लेख तपासण्याविषयी, कारण वर सांगितलेले सगळे पाळूनही लेख फसू शकतो. मसुदा त्या विषयातल्या सहकाऱ्याला दाखवावा तो चुका काढण्यापुरताच. समजला की नाही हे त्याला सांगता येत नाही, कारण गाळलेल्या पायऱ्या त्याचे मन आपोआप भरून काढते. त्यासाठी विषयाबाहेरचा, पण सवडीने वाचणारा एक माणूस लागतो. त्याला ‘समजले का’ असे विचारू नये, उत्तर हमखास होकारार्थी येते. लेखात नसलेला, पण लेखातल्या युक्तिवादाने सुटणारा एक प्रश्न त्याच्यापुढे ठेवावा. चंद्राच्या लेखासाठी मी असे विचारीन : चंद्र आजच्या दुप्पट अंतरावर असता, तर तो एका सेकंदात पृथ्वीकडे किती पडला असता, आणि मग त्याला एका फेरीला आजच्याएवढाच वेळ लागला असता का? पहिल्या भागाचे उत्तर, मिलिमीटरचा सुमारे एक तृतीयांश, वर्गाचा नियम कळलेला वाचक लगेच देतो. दुसऱ्या भागासाठी त्याला पायथागोरसच्या पायरीकडे परत जाऊन उलट दिशेने वेग काढावा लागतो. तो वेग आजच्या सुमारे सात दशांश भरतो, वाट दुप्पट होते, आणि फेरीला २७ ऐवजी सुमारे ७७ दिवस लागतात. वाचक तिथपर्यंत पोहोचला तर लेख छापायला द्यावा. मध्येच अडला तर तो कोणत्या वाक्याशी अडला ते विचारावे, आणि त्याला तोंडी समजावण्याचा मोह आवरून ते वाक्य नव्याने लिहायला बसावे.